कोल्हापूर पाहायला येणाऱ्यांसाठी

मंडळी, दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्या की कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर सहलींची गर्दी होऊ लागते. लाल गाड्यांतून मुले उतरतात, गुरुजी शिट्टी वाजवतात, बाई मुलींची संख्या पुन्हा पुन्हा मोजतात. मग रांगेने देवळाकडे जायचे, दर्शन घ्यायचे, राजवाड्यात जाऊन वाघ-गव्यांची मुंडकी पाहायची, रंकाळ्यावर भेळ खायची आणि अंधार पडायच्या आत गाडी धरायची. दुसऱ्या दिवशी निबंधाचा विषय ठरलेला असतो, ‘आमची सहल’. त्या निबंधात कोल्हापूर किती असते आणि गाडीतली गाणी किती असतात, हे शिक्षकमंडळींना मी सांगायला नको.

मी कोल्हापूरचाच. इथेच वाढलो, इथेच कॉलेजात शिकवतो. पाव्हणेमंडळी आली की ‘काय पाहावे, कुठे जेवावे’ हा प्रश्न घरात हमखास निघतो. त्याचे उत्तर आज जरा सविस्तर देणार आहे. कारण असे, की सहलीला जे पैसे लागतात ते खेड्यातल्या घराला सहज मिळालेले नसतात. एखाद्या शेतमजूर आईची दोन-तीन दिवसांची मजुरी त्या एका दिवसात खर्च होते. त्या पैशांचे चीज झाले पाहिजे. आणि दुसरे असे, की खेड्यातला माणूस शहरात आला की उगीचच बुजतो. हॉटेलात शिरताना दारात घुटमळतो, संग्रहालयात कुजबुजत बोलतो. ‘आपले इथे काय?’ असे त्याला वाटते. मला आज सांगायचे आहे ते हेच, की बाबांनो, हे शहर तुमच्याच गावांनी घडवलेले आहे. त्याच्या ताटातले, पायातले, आखाड्यातले सारे काही गावाकडूनच आलेले आहे. ते तसे पाहाल तरच खरे दिसेल.

आता दिवसाला सुरुवात करू. एका दिवसात सारे होत नाही, हे आधी ध्यानात घ्या. पन्हाळा आणि जोतिबा यांना वेगळा दिवस द्या. पन्हाळा शहरापासून वीसेक किलोमीटर आहे. १६६० च्या जुलैत सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज निसटले ते याच गडावरून. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात पन्हाळाही आहे. असा गड तासाभरात ‘उरकायचा’ नसतो.

शहरासाठी सकाळी लवकर यावे. पहिले ठिकाण अर्थातच अंबाबाईचे देऊळ. सकाळी गर्दी कमी असते, आणि काळ्या दगडावरचे कोरीव काम कोवळ्या उन्हात स्वच्छ दिसते. दर्शन झाले की लगेच बाहेर पडू नका. देवळाला बाहेरून एक फेरी घाला. भिंतींवर योगिनींच्या मूर्ती आहेत, त्या मुलांना दाखवा. पुढचा लाकडी गरुडमंडप पाहा. तो मूळ देवळानंतर कितीतरी शतकांनी, एकोणिसाव्या शतकात उभा राहिला. एकच देऊळ, पण ते एका दिवसात किंवा एका राजाने बांधलेले नाही, हे मुलांना डोळ्यांनी दिसते.

या देवळातल्या किरणोत्सवाविषयी तुम्ही ऐकलेच असेल. मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून आत येतात आणि पहिल्या दिवशी देवीच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशी मध्यावर, तिसऱ्या दिवशी मुखावर पडतात. हे दिवस ठरलेले आहेत. नोव्हेंबरात ९, १० आणि ११, आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. वर्षातून दोनदाच का बरे? शिक्षकांनी हा प्रश्न मुलांना जरूर घालावा. उत्तर सोपे आहे. थंडीच्या दिवसांत सूर्य नेमक्या पश्चिमेला मावळत नाही, रोज थोडा थोडा दक्षिणेकडे सरकतो. २२ डिसेंबरच्या सुमारास तो टोकाला पोचतो आणि परत फिरतो. म्हणजे जाताना तो ज्या जागी मावळला, त्याच जागी परततानाही मावळणारच. आता दिवस मोजा. १० नोव्हेंबर ते २२ डिसेंबर बेचाळीस दिवस, आणि २२ डिसेंबर ते १ फेब्रुवारी एक्केचाळीस दिवस. हिशेब जुळतो की नाही? देऊळ बांधणाऱ्यांनी आकाश किती नीट पाहिले होते, ते या दोन आकड्यांतून कळते. अलीकडे किरणांच्या वाटेत इमारती आणि फलक येतात, ढग आणि धूर येतो, आणि मग किरणे कधी चरणांपर्यंतच पोचतात, कधी अजिबात पोचत नाहीत. जुन्या लोकांनी मोकळी ठेवलेली वाट आपण बुजवतो आहोत, ही गोष्टही मुलांना सांगायला हरकत नाही.

एव्हाना पोटात कावळे ओरडू लागलेले असतात. कोल्हापुरात सकाळी मिसळ खावी. शहरात मिसळीची दुकाने पावलोपावली आहेत, आणि प्रत्येक कोल्हापूरकराचे एक ठरलेले दुकान असते. त्यावरून भावाभावांत वाद होतात, म्हणून मी कोणाचे नाव घेत नाही. चांगले दुकान ओळखायची एक खूण सांगतो. जिथे सकाळी आसपासचे कामकरी, हमाल, रिक्षावाले उभ्याउभ्या खाऊन जातात, तिथे बसा. मोड आलेल्या मटकीची उसळ, वर बटाट्याची भाजी, त्यावर फरसाण, कांदा, कोथिंबीर, आणि या साऱ्यावर ओतलेला लालभडक कट. सोबत पुष्कळ ठिकाणी लादीपाव नसतो, ब्रेडचे काप असतात. बाहेरच्या माणसाला त्याचे नवल वाटते. मुले बरोबर असतील तर ‘कट वेगळा द्या’ म्हणून सांगावे, आणि दह्याची एक वाटी मागवावी. त्यात लाजायचे काही कारण नाही. कट पुन्हा मागितला तरी बहुतेक ठिकाणी मालक कुरकुर करत नाही.

इथे तिखटाविषयी दोन शब्द बोलतो. मुंबई-पुण्याच्या आणि परमुलखातल्या हॉटेलांत ‘कोल्हापुरी’ या नावाखाली जे लाल आणि जळजळीत पदार्थ मिळतात, त्यांचा कोल्हापूरच्या चुलीशी फारसा संबंध नसतो. आमच्याकडे तिखट हे नुसत्या मिरचीचे नसते. उन्हाळ्यात घरोघरी वर्षाची चटणी होते. तिला चटणी म्हणतात, पण ती ओली नसते. संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची, कांदा, लसूण, सुके खोबरे, तीळ, धने आणि गरम मसाला हे सारे भाजून, तळून डंकावर कुटून आणतात. मिरची एका गावची, लसूण दुसऱ्या गावचा, हात घरातल्या बायकांचे. चव येते ती या मेळातून. तिखटाने डोळ्यांत पाणी यावे, पण घास थांबू नये, असे आमच्याकडच्या आया-आज्यांचे गणित आहे.

न्याहारी झाली की भवानी मंडप आणि जुना राजवाडा पाहावा. तो देवळाला लागूनच आहे. तिथून चालत पाच-सात मिनिटांवर खासबाग मैदान लागते. कोल्हापूर ही कुस्तीची पंढरी, असे आपण म्हणतो, पण ही पंढरी वसली कशी? राजर्षी शाहू महाराज १९०२ साली विलायतेला गेले होते. त्या प्रवासात त्यांनी रोमचे प्राचीन क्रीडागृह पाहिले. तसे काहीतरी आपल्या पैलवानांसाठी असावे असे त्यांच्या मनाने घेतले, आणि १९१२ साली खासबाग मैदान तयार झाले. मधे मातीचा हौद आणि भोवती चढत जाणारी बैठक. तीसएक हजार माणसे बसतात, असे सांगतात. मुलांना सगळ्यांत वरच्या पायरीवर नेऊन बसवा आणि विचारा, ‘हौद दिसतो का?’ दिसतो. पुढच्याचे डोके मागच्याच्या आड येत नाही. राजा असो की गडी असो, कुस्ती सगळ्यांना सारखी दिसावी, अशी ही बांधणी आहे.

या हौदातली माणसे कुठून आली? बहुतेक खेड्यांतून. घरचे दूध, घरची ज्वारी आणि तालमीतली मेहनत एवढीच त्यांची पुंजी. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. ते इथल्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी होते. स्वतंत्र भारताला मिळालेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासखर्चासाठी लोकांनी वर्गणी काढली होती. तुमच्या शाळेत एखादा दांडगट मुलगा असेल, अभ्यासात मागे आणि खेळात पुढे, तर त्याला खासबागेत हे अवश्य ऐकवा.

खासबागेला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह आहे. तेही शाहू महाराजांच्याच काळात, १९१५ च्या सुमारास उभे राहिले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री लागलेल्या आगीत या वास्तूची मोठी हानी झाली. दुसऱ्याच दिवशी, ९ ऑगस्टला, केशवराव भोसले यांची जयंती होती. ती रात्र आम्हा कोल्हापूरकरांच्या अजून डोळ्यांपुढून जात नाही. नाट्यगृह पुन्हा उभारण्याचे काम त्यानंतर हाती घेण्यात आले. आत जायला मिळाले नाही तरी बाहेरून पाहावे. शहर म्हणजे काही केवळ जुन्या दगडांचे संग्रहालय नव्हे. त्याचे काही जळते, आणि ते माणसांना पुन्हा उभे करावे लागते, हेही मुलांना दिसले पाहिजे.

तिथून बिंदू चौकात या. इथे महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे अर्धपुतळे आहेत. भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने ते ९ डिसेंबर १९५० रोजी उभारले गेले. तारीख नीट पाहा. बाबासाहेबांचे निधन झाले १९५६ साली. म्हणजे ते हयात असतानाच या शहराने त्यांचा पुतळा उभारला. पुतळे बहुधा माणूस गेल्यावर उभारतात. या गावाने वाट पाहिली नाही.

आता भवानी मंडपाकडे परत येऊन भाऊसिंगजी रस्त्याने उत्तरेकडे निघा. या रस्त्याने रोज हजारो लोक जातात. पण या रस्त्यावर सुमारे शंभर वर्षांपूर्वी एक लहानसे चहाचे हॉटेल होते, ते फार थोड्यांना ठाऊक असते. खाण्यापिण्याच्या जागा सांगायला बसलो आहे, तेव्हा त्या हॉटेलाची हकीकत सांगितल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही. आज ते हॉटेल नाही. तरीही तिथे क्षणभर थांबाच.

गंगाराम कांबळे नावाचे एक गृहस्थ राजवाड्याच्या पागेत कामाला होते. जातीने ते त्या वेळच्या भाषेत अस्पृश्य. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना वरच्या जातीच्या लोकांनी बेदम मारले. शाहू महाराजांना हे कळले तेव्हा त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा तर केलीच, पण गंगाराम यांना सांगितले, की नोकरी सोड आणि स्वतःचा धंदा काढ. गंगाराम यांनी भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे दुकान काढले. नाव ठेवले ‘सत्यसुधारक हॉटेल’. जागा स्वच्छ, चहा चांगला. पण अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? गिऱ्हाईक फिरकेना. हे समजल्यावर महाराजांनी आपली गाडी त्या दुकानापुढे उभी करायला सांगितली आणि चहा मागवला. स्वतः प्याले, आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजला. राजाच पितो म्हटल्यावर इतरांनी नाही कसे म्हणायचे?

मंडळी, कायदे आणि हुकूम महाराजांनी पुष्कळ काढले. २६ जुलै १९०२ चा मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम प्रसिद्धच आहे. १९१९ साली शाळा, दवाखाने, विहिरी अशा सार्वजनिक जागी शिवाशिव पाळू नये असेही हुकूम निघाले. पण हुकूम कागदावर राहतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून ते चहाच्या कपापर्यंत गेले. कोण कोणाच्या हातचे खातो, कोण कोणाशेजारी बसतो, यावरून माणसाची पायरी ठरत असे. ती पायरी त्यांनी तिथेच, रस्त्यावर, लोकांच्या डोळ्यांदेखत मोडली. आता तुम्हीच सांगा, सहलीतल्या मुलांना एका पंगतीत बसवून जेवू घालणे ही काय साधी गोष्ट आहे? डबे उघडताना कोण कोणाच्या डब्याला हात लावत नाही, याकडे गुरुजींनी जरा लक्ष ठेवावे. शंभर वर्षे झाली, तरी हा धडा जुना झालेला नाही.

त्याच रस्त्याने पुढे गेले की दसरा चौक लागतो. शाही दसऱ्याचे सीमोल्लंघन इथेच होते. महाराजांचा पुतळाही इथेच आहे, आणि आसपास वसतिगृहे आहेत. मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य, अशा नाना समाजांच्या मुलांसाठी १९०१ पासून पुढे शहरात एकामागून एक बोर्डिंगे निघाली. अस्पृश्य मुलांसाठीचे मिस क्लार्क बोर्डिंग १९०८ चे. खेड्यातल्या मुलाला शिकायचे तर शहरात राहायचे कुठे आणि जेवायचे काय, हा पहिला प्रश्न. शाळा बांधण्याआधी त्या भुकेची सोय पाहिली, म्हणून शिक्षण रुजले. १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे झाले. शिक्षकमंडळींनी या चौकात निदान दोन मिनिटे थांबावे.

जवळच टाउन हॉलच्या बागेत जुने संग्रहालय आहे. इमारत १८७० च्या दशकातली. तिथे एक वस्तू चुकवू नका. वीतभरापेक्षाही लहान अशी एक कांस्यमूर्ती आहे. ती पोसायडन या ग्रीकांच्या समुद्रदेवाची. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे. तिथे १९४० च्या दशकात जे जुने अवशेष सापडले, त्यांत ही मूर्ती मिळाली. सातवाहनांच्या काळात, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, ती समुद्रापलीकडून इथवर आली. मुलांना नकाशा दाखवून विचारा, ही कोणत्या वाटेने आली असेल? जहाजातून बंदरात, बंदरातून बैलांच्या पाठीवर घाट चढून. म्हणजे आपला हा मुलूख त्या काळीही जगापासून तुटलेला नव्हता. सरकारी संग्रहालये बहुधा सोमवारी बंद असतात, तेव्हा सहलीचा वार ठरवण्यापूर्वी चौकशी करावी.

दुपारचे जेवण खानावळीत घ्यावे. मांसाहारी मंडळींनी मटणाचे ताट मागवावे. त्यात सुके मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, भाकरी किंवा चपाती आणि भात असतो. तांबडा रस्सा म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्यात वर सांगितलेली चटणी घालून केलेला. पांढरा रस्सा त्याच अळणी पाण्यात नारळाचे दूध, खसखस, तीळ आणि अख्खा गरम मसाला घालून करतात. तो लाल तिखट न घालता केलेला असतो. दोन्ही रस्से वाटीने प्यायचे. तांबड्याने जीभ पेटली की पांढऱ्याने निववायची, अशी ही जोडी आहे. शाकाहारी मंडळींनी निराश होऊ नये. झुणका-भाकरी, खर्डा, वांग्याची भाजी, अख्खा मसूर आणि दही असे जेवण मिळते, आणि तेच इथल्या शेतकऱ्याचे रोजचे अन्न आहे. ज्यांना खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी देवळाजवळ अन्नछत्रही चालते. तिथे पंगतीला बसण्यात कमीपणा मुळीच नाही.

जेवणानंतर नवा राजवाडा. तो १८७७ ते १८८४ या काळात बांधला गेला. मेजर मँट या इंग्रज वास्तुशिल्पज्ञाने त्याचा आराखडा केला. आतल्या संग्रहालयात हत्यारे, पोशाख, शिकारीची जनावरे असे पुष्कळ काही आहे. मुले जनावरांपुढेच रेंगाळतात, त्यांना रेंगाळू द्यावे. पण बाहेर आल्यावर दगड पाहायला सांगावे. काळा, घडीव, जागच्या खाणीतला. घोटणारे हात पुन्हा इथल्याच पाथरवटांचे. इमारतीवर नाव आराखडा करणाऱ्याचे राहते, दगड घडवणाऱ्याचे राहत नाही.

आता खरेदी. कोल्हापुराहून दोन गोष्टी घरी न्याव्यात, गूळ आणि चपला. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी पेठ वसवली ती मुख्यतः गुळाच्या व्यापारासाठी. १८९१ पासून रेल्वे आली होतीच. राधानगरीच्या धरणाचे काम महाराजांच्या काळात सुरू झाले आणि पुरे झाले स्वातंत्र्यानंतर. त्या पाण्यावर भोगावतीकाठी ऊस वाढला, उसाबरोबर गूळ. हल्ली गुळाचे सौदे मार्केट यार्डात होतात. हंगामात आलात तर वाटेवरच्या एखाद्या गावात गुऱ्हाळ चालू असेल, तिथे गाडी थांबवा. काहिलीत रस उकळत असतो, भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून त्यातला मळ वर काढतात, आणि गुळव्या नुसत्या नजरेने पाक ओळखतो. क्षणभर चुकला तर ढेप बिघडते. गरम काकवी मुलांना चाखायला मिळते. गूळ घेताना एक ध्यानात ठेवा. फार पिवळाधमक गूळ दिसायला देखणा, पण रसायनाशिवाय केलेला गूळ रंगाने गडद असतो.

चपलांचेही तसेच. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले कातडे, आणि चामड्याच्याच दोऱ्याने घातलेले टाके. अस्सल चपलेत खिळा नसतो. कापशी चप्पल कागल तालुक्यातल्या कापशी गावची, हे नावातच आहे. २०१९ साली या चपलांना महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन राज्यांसाठी मिळून भौगोलिक निर्देशांक मिळाला. २०२५ च्या जूनमध्ये इटलीतल्या प्राडा कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात याच घडणीच्या चपला मांडल्या, पण कोल्हापूरचे नाव घेतले नाही. ओरड झाल्यावर त्या कंपनीने उगम मान्य केला. जगाने कारागिराचे नाव घ्यावे असे आपल्याला वाटते, तर आपणही दुकानात विचारावे, ‘ही कोणी केली? कोणत्या गावची?’ घासाघीस जरूर करा, पण कारागिराची मजुरी बुडेल इतकी नको.

दिवस कलला की गंगावेशीत या. इथल्या दूधकट्ट्यावर म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढण्याची रीत आहे. पैलवानांच्या या शहराला धारोष्ण दुधाचे मोठे कौतुक. पाहायला मुलांना जरूर न्या, मात्र कच्च्या दुधातून रोग येऊ शकतात, म्हणून मुलांना तापवलेलेच दूध द्यावे. तिथून थोडे पुढे पंचगंगेचा घाट, आणि दुसऱ्या बाजूला रंकाळा. घाटावर उभे राहून मुलांना २०१९ च्या आणि २०२१ च्या महापुराची आठवण करून द्या. नदी अन्न देते, आणि कधी घरात शिरते. रंकाळ्यावर संध्याकाळी भेळ खा, मक्याचे कणीस खा, पाण्याच्या कडेने फेरी मारा. पलीकडच्या काठावर १९३० च्या दशकातला शालिनी पॅलेस दिसतो. पाणी उतरलेले असेल तर संध्यामठही दिसतो. एक मात्र कराल ना? भेळेचे कागद पाण्यात टाकू नका. या तळ्याने पुष्कळ घाण सोसली आहे.

शिक्षकांसाठी शेवटची सूचना. परतल्यावर ‘आमची सहल’ हा निबंध जरूर लिहून घ्या, पण मुलांना आधी तीन प्रश्न द्या. जे पाहिले ते कोणाच्या हातांनी केले? जे खाल्ले ते कोणत्या शेतातून आले? आणि इथे पूर्वी कोणाला येऊ देत नव्हते? उत्तरे पूर्ण येणार नाहीत. न येऊ द्या. कोणी घरी जाऊन आजोबांना विचारील, कोणी गुऱ्हाळावर जाऊन पाहील. सहलीची खरी सुरुवात मग गावातच होईल.

तेव्हा या, सवडीने या. हॉटेलाच्या दारात घुटमळू नका, सरळ आत येऊन बसा. त्या बाकावर तुमचा हक्क आहे, आणि तो मिळावा म्हणून या शहरात एका माणसाने मार खाल्ला आणि एका राजाने चहा प्याला, एवढे आठवले तरी पुरे.